लॅपटॉप आणि सर्व्हर : प्रोसेसरच्या कामगिरीची तुलना

एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतल्या दोन चिप तुलनेला घेतल्या की विषय लवकर उलगडतो. एएमडीचा ‘एपिक ९६५४’ हा सर्व्हरचा प्रोसेसर नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्याच कंपनीचा ‘रायझन ७ ७८४०यू’ हा लॅपटॉपचा प्रोसेसर पुढच्या वर्षी बाजारात आला. दोन्हींच्या पोटात ‘झेन ४’ याच आराखड्याचे कोअर आहेत. सर्व्हरच्या चिपवर ९६, लॅपटॉपच्या चिपवर ८. सर्व्हरच्या नुसत्या चिपची जाहीर किंमत बारा हजार डॉलरच्या आसपास होती. तेवढ्या पैशांत दहा-बारा चांगले लॅपटॉप येतात. असे असूनही एकाच कोअरवर चालणारे काम दोघांना दिले, तर लॅपटॉप आधी मोकळा होतो. त्याचा एकटा कोअर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत धावू शकतो आणि सर्व्हरचा ३.७ च्या पुढे जात नाही. आराखडा तोच असल्यामुळे घड्याळातला हा ३८ टक्क्यांचा फरक निकालात बऱ्याच अंशी तसाच उतरतो. मोठ्या खर्चाने सर्व्हर आणून त्यावर हिशेबाची एक्सेल फाइल उघडणाऱ्या संस्थेच्या पदरी निराशा येते, ती यामुळेच.

मग हवामानाचा अंदाज, बँकेचे व्यवहार, सातबाराचे उतारे ही कामे सर्व्हरवरच का चालतात? उत्तर शोधताना आधी हे ठरवावे लागते की कामगिरी मोजायची ती कशाची. एक काम किती वेळात संपले हा एक प्रश्न आहे आणि तासाभरात अशी किती कामे उरकली हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की तुलना फसते. प्रोसेसरच्या मोजमापासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पेक’ या संस्थेने म्हणूनच दोन वेगळ्या कसोट्या ठेवल्या आहेत. तिच्या ‘सीपीयू २०१७’ या संचातल्या ‘स्पीड’ कसोटीत प्रोग्रॅमची एकच प्रत चालवून वेळ मोजतात. ‘रेट’ कसोटीत एकाच वेळी अनेक प्रती चालवून एकूण किती काम झाले ते पाहतात. चार गटांत विभागलेल्या ४३ चाचण्यांमध्ये कंपायलर आहे, बुद्धिबळ आहे, व्हिडिओ लहान करण्याचे काम आहे आणि हवामानाचे ‘डब्ल्यूआरएफ’ हे प्रारूपही आहे. खरी, माणसे वापरतात ती कामे घेऊन केलेले हे मोजमाप खोक्यावर छापलेल्या गिगाहर्ट्झपेक्षा कितीतरी भरवशाचे. दोन वेगळ्या आराखड्यांच्या चिपमध्ये तर नुसत्या गिगाहर्ट्झची तुलना करण्यात अर्थच नसतो, कारण घड्याळाच्या एका ठोक्यात किती सूचना पार पडतात हे प्रत्येक पिढीत बदलते.

सर्व्हरचे घड्याळ मुद्दाम हळू ठेवलेले असते. चिपला लागणारी वीज घड्याळाच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते, म्हणून ढोबळ हिशेबाने वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढत जाते. हाच हिशेब उलट दिशेने फार फायद्याचा आहे. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर ०.८ चा घन ०.५१ होतो, म्हणजे वीज जवळजवळ निम्मी लागते. वाचलेल्या विजेवर तसाच दुसरा कोअर चालवता येतो आणि दोघांचे मिळून काम १.६ पट होते. आधुनिक सर्व्हर-चिपची सारी रचना या हिशेबावर उभी आहे. एपिक ९६५४ ला ३६० वॅट दिलेले आहेत, प्रत्येक कोअरमागे पावणेचार वॅट. रायझनच्या चिपला २८ वॅट धरले, तर प्रत्येक कोअरमागे साडेतीन. सगळे कोअर कामाला लागले की दोन्हींकडे एकेकाच्या वाट्याला जवळपास सारखीच वीज येते. लॅपटॉपचा चमकदार वेग दिसतो तो एकदोन कोअर जागे आणि बाकीचे झोपलेले असताना, कारण तेव्हा सगळी वीज त्या एकदोघांनाच मिळते.

ही चमकही टिकाऊ नसते. लॅपटॉपची चिप सुरुवातीचे काही सेकंद, फार तर काही मिनिटे, ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढते आणि गरम होते. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की ती स्वतःच वेग उतरवते. बाहेर टाकता येणारी उष्णता चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक ७५ अंशांचा असतो. धाराशिवच्या एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याखालच्या वर्गात पारा चाळिशीवर असतो तेव्हा तो ६० वर येतो. तोच पंखा, तीच चिप, पण उष्णता काढण्याची क्षमता पाचव्या हिश्शाने घटलेली. पुण्या-मुंबईच्या गार प्रयोगशाळेत एक-दोन मिनिटे चाचणी घेऊन छापलेले आकडे मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात जसेच्या तसे मिळत नाहीत. म्हणून लॅपटॉपची चाचणी निदान अर्धा तास सलग चालवावी आणि पहिल्या मिनिटाचा आकडा व शेवटच्या मिनिटाचा आकडा वेगवेगळे लिहावेत. चार्जर लावून आणि काढून अशा दोन्ही तऱ्हांनी मोजावे, कारण अनेक लॅपटॉप बॅटरीवर वेग कमी ठेवतात. सर्व्हरच्या बाबतीत पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात फारसा फरक पडू नये, हीच त्याच्या बांधणीमागची अट असते.

दोन्ही घराण्यांचे रक्ताचे नाते मात्र जुने आहे आणि त्याचा एक ठळक पुरावा पुण्यात उभा राहिला. टाटा सन्सच्या ‘कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. त्यात इंटेलच्या झिऑन या ३ गिगाहर्ट्झच्या सर्व्हर-प्रोसेसरचे १४,२४० कोअर होते. या झिऑनचा ‘कोअर’ आराखडा २००६ मध्ये आला. इंटेलच्या इस्रायलमधल्या चमूने लॅपटॉपसाठी, कमी विजेत चालावा म्हणून घडवलेल्या ‘पेंटियम एम’ची परंपरा त्यात उतरली होती. वीज वाचवण्याची लॅपटॉपची गरज पुढे सर्व्हरच्या कामी आली. त्याआधीच, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बांधला, तोही ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान चिप एकमेकींना जोडून. एक अजस्र प्रोसेसर मिळत नसेल तर पुष्कळ लहान प्रोसेसरांत काम वाटून घ्यावे, हा मार्ग पुण्याने तेव्हाच पत्करला आणि आज सगळे जग त्याच मार्गावर आहे.

काम वाटून घेण्याची मर्यादा जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. एखाद्या कामाचा पाच टक्के भाग असा असेल की तो एकामागून एकच करावा लागतो, तर कितीही कोअर लावले तरी वेग वीसपटीच्या वर जाणार नाही. अशा कामात आठ कोअर सुमारे ५.९ पट वेग देतात आणि ९६ कोअर १६.७ पट. कोअर बारापट झाले, फायदा तिपटीहूनही कमी! सर्व्हरचे घड्याळ मंद असल्याने प्रत्यक्षात तोही आणखी घटतो. सामाजिक सर्वेक्षणाची आकडेवारी तपासण्यासाठी ‘आर’सारखी भाषा वापरली जाते. तिच्यात साध्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम बहुतांशी एकाच कोअरवर चालतो. तुळजापूरसारख्या ठिकाणी समाजविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा-वीस हजार कुटुंबांची माहिती तपासायची असेल, तर चांगला लॅपटॉप हेच योग्य साधन आहे. त्या कामासाठी सर्व्हर मिळाला नाही म्हणून संशोधन अडले, अशी तक्रार खरी मानू नये.

हवामानाच्या अंदाजाचे तसे नाही. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. त्यात इंटेलचे ‘झिऑन ई५-२६९५ व्ही४’ प्रोसेसर होते. प्रत्येक चिपवर १८ कोअर, घड्याळ अवघे २.१ गिगाहर्ट्झ. म्हणजे त्याच साली महाविद्यालयीन मुलांच्या दप्तरात असलेल्या कित्येक लॅपटॉपचा एकेक कोअर याहून वेगाने धावत होता. महासंगणकाचा आकडा कसा तयार होतो हे इथे हातानेच गुणाकार करून पाहता येते. एकूण कोअर १,१९,२३२; प्रत्येकाचे घड्याळ सेकंदाला २.१ अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्याला दशांश आकड्यांच्या १६ क्रिया. तिन्हींचा गुणाकार सेकंदाला सुमारे ४,००६ लाख कोटी क्रिया, म्हणजे ४ पेटाफ्लॉप. लिनपॅक या समीकरणे सोडवण्याच्या कसोटीत प्रत्यक्षात ३.७६ पेटाफ्लॉप मिळाले, कागदावरच्या आकड्याच्या ९४ टक्के. चिप मोजल्या तर ६,६२४ भरतात. एकेकीला १२० वॅट, म्हणजे नुसत्या प्रोसेसरांनाच आठ लाख वॅटच्या आसपास वीज.

याच पद्धतीने सुरुवातीच्या तुलनेतल्या रायझन लॅपटॉपचा हिशेब मांडला, तर आठ कोअर, ३.३ गिगाहर्ट्झचे मूळ घड्याळ आणि १६ क्रिया मिळून सुमारे ४२२ गिगाफ्लॉप होतात. प्रत्युषमधली एक चिप ६०५ गिगाफ्लॉपची. म्हणजे कागदावर मांडीवरचा लॅपटॉप २०१६ च्या सर्व्हर-चिपच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचला आहे. म्हणून नऊ-दहा हजार लॅपटॉप जमवले की प्रत्युष तयार होईल का? होणार नाही. अंदाजाच्या गणितात देशाच्या नकाशावर जाळी टाकतात. प्रत्येक घरातले तापमान, दाब, वारा आणि बाष्प शेजारच्या घरांवरून दर टप्प्याला नव्याने काढावे लागते. हजारो प्रोसेसरांनी प्रत्येक टप्प्याला एकमेकांशी आकड्यांची देवाणघेवाण करायची असते आणि सर्वांत मागे राहिलेल्या प्रोसेसरसाठी बाकीचे सगळे थांबतात. क्रे कंपनीने बांधलेल्या प्रत्युषमध्ये चिपइतकेच महत्त्व चिप जोडणाऱ्या जाळ्याला होते. वायफायवर जोडलेले लॅपटॉप निम्म्याहून अधिक वेळ एकमेकांची वाट पाहण्यातच घालवतील.

जाळी बारीक केली की धाराशिव जिल्ह्याला काय मिळते, तेही मोजता येते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटरच्या जाळीत एक घर १४४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला बावन्नच्या आसपास घरे. सहा किलोमीटरच्या जाळीत ती दोनशेच्या वर जातात. परंड्याला ढग फुटावा आणि उमरग्याला ऊन असावे हे इथे नेहमीचेच आहे. बालाघाटच्या डोंगररांगेच्या वर आणि खाली पाऊस वेगळा पडतो. आठ तालुक्यांच्या जिल्ह्याला बावन्न घरांत बसवलेला अंदाज सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या फारसा कामाचा नसतो. पण जाळीचे अंतर निम्मे केले की घरे चौपट होतात आणि काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणून गणित आठपट वाढते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या त्याच मौसम विज्ञान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ हा महासंगणक बसवण्यात आला आणि २६ मे २०२५ रोजी सहा किलोमीटरच्या जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. प्रत्युषवर दहा तासांपर्यंत लागणारे गणित अर्कवर चार तासांत होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. कागदावरची ताकद २.९ पट वाढली, वेळेतला फायदा अडीचपट. इतक्या जवळचे प्रमाण मिळणे हे चांगल्या बांधणीचे लक्षण आहे. इथे वेळेचे बंधन अजिबात सैल करता येत नाही, कारण उद्याचा पाऊस परवा कळून उपयोग नाही.

डब्ल्यूआरएफ प्रारूप मोफत मिळते आणि लॅपटॉपवरही चालते. मराठवाड्यापुरता छोटा तुकडा घेऊन विद्यार्थी त्यावर शिकू शकतात. ते चालवताना एक गोष्ट लवकरच लक्षात येते. चारचे आठ कोअर केले तरी वेळ निम्मा होत नाही, कारण आता अडसर मेमरीचा असतो. मोटर दहा हॉर्सपॉवरची बसवली तरी विहिरीला झरा जेवढा, तेवढेच पाणी पाटात येते. एपिक ९६५४ ला मेमरीच्या बारा वाटा आहेत. त्यांतून सेकंदाला ४६० गिगाबाइट माहिती येऊ शकते. रायझनला डीडीआर५ मेमरीच्या दोन वाटांतून सुमारे ९० गिगाबाइट मिळतात. एकूण पाहिले तर सर्व्हर पाचपट मोठा, पण कोअरमागे वाटणी केली तर सर्व्हरच्या कोअरला ४.८ आणि लॅपटॉपच्या कोअरला ११.२ गिगाबाइट येतात. ही उणीव भरून काढायला सर्व्हरच्या चिपवर ३८४ मेगाबाइटची एल३ कॅश, म्हणजे चिपवरचीच जलद मेमरी, दिली आहे. लॅपटॉपच्या चिपवर ती १६ मेगाबाइटच आहे. सर्व्हरच्या एका सॉकेटला ६ टेराबाइटपर्यंत मेमरी लावता येते. माहिती इतकी प्रचंड असेल की ती लॅपटॉपच्या मेमरीत मावतच नाही, तिथे वेगाची तुलना करण्याचा प्रश्नच उरत नाही.

सर्वसामान्य माणसाचा सर्व्हरशी संबंध येतो तो सेतू केंद्राच्या खिडकीवर, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकताना. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, ई-पीक पाहणीचे शेवटचे दिवस असतात आणि राज्यभरातून एकाच वेळी अर्ज येत असतात. अशा वेळी प्रत्येक अर्जाचे काम लहानच असते. अडचण त्यांच्या संख्येची असते. मानू की एका अर्जाला लॅपटॉपच्या कोअरवर सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. आठ कोअर सेकंदाला ४०० अर्ज उरकतील. सर्व्हरचा मंद कोअर सेकंदाला ३६ च अर्ज करतो असे धरले, तरी ९६ कोअरचे मिळून ३,४५६ होतात. पण खरा फरक रांगेत आहे. अर्ज कसेही, केव्हाही येत असतील आणि ते घ्यायला एकच कोअर असेल, तर तो निम्मा गुंतलेला असताना प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ दुप्पट होतो. तो ९० टक्के गुंतला की वेळ दहापट होतो, ९५ टक्क्यांना वीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांत रांग अचानक वाढते ती यामुळेच, आणि खिडकीबाहेर उभ्या शेतकऱ्याला कालपर्यंत चालणारी यंत्रणा आज का बसली ते कळत नाही. एकाच रांगेला ९६ कोअर असले तर ९० टक्के भारालाही थांबावे लागणारा वेळ नगण्य राहतो, कारण कोणता ना कोणता कोअर लगेच मोकळा होतो. पुष्कळ मंद कोअर थोड्या जलद कोअरवर मात करतात ती इथे. अर्थात यंत्रणा बसण्याचे कारण दर वेळी प्रोसेसर नसतो. माहितीकोश, साठवणुकीची डिस्क, गावातली इंटरनेटची तार यांपैकी काहीही तोकडे पडू शकते आणि ते न तपासता प्रोसेसर बदलणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

एक गुण असा आहे की तो वेगाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मेमरीतला एखादा बिट क्वचित आपोआप उलटतो. इंग्रजी आकड्यांच्या संगणकी लिपीत ५ आणि १ यांच्यात एकाच बिटाचा फरक आहे. पाच गुंठ्यांचा एक गुंठा व्हायला तेवढा पुरतो. सर्व्हरच्या मेमरीत दर ६४ बिटांमागे निदान आठ जादा बिट ठेवलेले असतात. त्यांच्या आधाराने एका बिटाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान पकडली जाते. बहुतेक लॅपटॉपमध्ये अशी पूर्ण सोय नसते. डीडीआर५ मेमरी चिपच्या आतल्या काही चुका सुधारते, पण मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेला ते संरक्षण मिळत नाही. सोळा गिगाबाइटच्या लॅपटॉपपेक्षा सहा टेराबाइटच्या सर्व्हरमध्ये ३८४ पट बिट आहेत आणि सर्व्हर वर्षभर न थांबता चालतात. ही दुरुस्ती नसती तर जमिनीच्या आणि पैशांच्या नोंदी तिथे ठेवता आल्या नसत्या. दोन मशीनच्या किमतीची तुलना करताना ही बाब हिशेबात धरली नाही, तर तुलना अपुरी राहते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांत हा सारा हिशेब बदलतो. सी-डॅकचा पुण्यातला ‘ऐरावत’ जून २०२३ मध्ये जागतिक यादीत ७५ वा आला, तो मुख्यतः एनव्हिडियाच्या ए१०० या ग्राफिक्स चिपच्या बळावर. त्यातल्या एपिक प्रोसेसरांचे काम त्या चिपना माहिती पुरवत राहण्याचे. तिथे प्रोसेसरांची तुलना दुय्यम ठरते.

धाराशिव, कळंब किंवा उमरग्याच्या एखाद्या शाळेला, पतसंस्थेला किंवा महाविद्यालयाला निवड करायची असते तेव्हा मोह पडतो तो जुन्या सर्व्हरचा. प्रत्युषमध्ये होत्या तसल्या दोन चिपचा, ३६ कोअरचा सर्व्हर आता सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतो. कागदावर तो १,२१० गिगाफ्लॉपचा, नव्या लॅपटॉपच्या जवळजवळ तिप्पट. पण त्याचा एक कोअर फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि आराखडाही कित्येक वर्षे जुना, म्हणून फाइल उघडणे, टॅली चालवणे, निकालपत्रक छापणे या कामांत तो नव्या लॅपटॉपपुढे संथ वाटेल. नुसता चालू राहून त्याने १५० वॅट घेतले, तर महिन्याला १०८ युनिट होतात. सरासरी १५ वॅट घेणारा लॅपटॉप तेवढ्याच वेळात अकरा युनिटही घेत नाही. शिवाय सर्व्हरला वेगळा यूपीएस लागतो, लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावरही तास-दोन तास चालते. मात्र चाळीस विद्यार्थ्यांनी एकाच वेळी एकाच मशीनवर प्रोग्रॅम चालवायचे असतील, पतसंस्थेच्या सगळ्या खिडक्यांची नोंद एका ठिकाणी व्हायची असेल, तर जुना का होईना, दुरुस्तीची मेमरी असलेला सर्व्हरच घ्यावा. खरेदीआधी संस्थेने स्वतःची रोजची फाइल, स्वतःचा प्रोग्रॅम दोन्ही मशीनवर चालवून पाहावा: आधी एकट्याने, मग जितकी माणसे खरोखर वापरणार असतील तितक्यांनी एकदम. दुपारी दोन वाजता, पंखा चालू आणि एसी बंद ठेवून, अर्धा तास. प्रत्येक वेळेस लागलेली मिनिटे आणि मीटरवर वाढलेले युनिट शेजारी शेजारी लिहावेत.